संगणकाचे स्पीकर निवडताना

शाळेसाठी संगणकाचे साहित्य घ्यायचे ठरले, की यादीत स्पीकरचा क्रमांक बहुधा शेवटचा असतो. संगणक कोणता, प्रोजेक्टर किती ल्यूमेनचा, पडदा घ्यायचा की भिंतीला पांढरा रंग द्यायचा, यावर पुष्कळ चर्चा होते. मग उरलेल्या पैशांत 'स्पीकरची एक जोडीही टाका' असे दुकानदाराला सांगितले जाते. 2015 साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला. त्यानंतर खेड्यापाड्यांतल्या शाळांनी लोकवर्गणीतून जे साहित्य जमवले, त्यातही पुष्कळ ठिकाणी हेच घडले. चित्र नीट दिसावे म्हणून आपण खिडक्यांना काळे कागद लावतो. आवाज नीट ऐकू यावा म्हणून मात्र फक्त बटण उजवीकडे फिरवतो.

यवतमाळ जिल्ह्यात या गोष्टीला अधिक वजन आहे. झरी जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या भागांतल्या कोलाम पोडांवरून येणारे मूल घरी कोलामी बोलते. कुठे गोंडी बोलली जाते, तर पुसद-दिग्रसकडच्या तांड्यांवरचे मूल गोरमाटी बोलते. अशा मुलाला वर्गातली प्रमाण मराठी ही दुसरी भाषा असते आणि इंग्रजी तिसरी. ओळखीच्या भाषेतला अर्धवट ऐकू आलेला शब्द आपला मेंदू संदर्भाने पुरा करतो. भाषा नवी असेल तर हा आधार मिळत नाही. म्हणून दुसऱ्या भाषेत ऐकणाऱ्याला, आणि त्यातही लहान मुलाला, मोठ्या माणसापेक्षा स्वच्छ आवाज लागतो. मुख्याध्यापकांच्या खोलीत 'छान वाजतात' असे ठरलेले स्पीकर वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलीला 'पळ' आणि 'फळ' यांतला फरक ऐकवत नसतील, तर ते छान नाहीत.

हा फरक असतो कुठे? 'प' आणि 'फ', 'त' आणि 'थ', 'क' आणि 'ख' यांच्या जोड्यांत वेगळेपणा आहे तो ओठ किंवा जीभ सुटल्यानंतर बाहेर पडणाऱ्या श्वासाचा. तो काही शतांश सेकंद टिकतो आणि स्वराच्या मानाने फारच क्षीण असतो. कोलामी आणि गोंडी या द्रविड कुळातल्या भाषा. त्यांत अशा महाप्राण व्यंजनांना मराठीइतके स्थान नाही, त्यामुळे त्या मुलांच्या कानांना हा फरक मुळात नवा असतो. 'साल' आणि 'शाल' यांतला फरक आणखी वरच्या पट्टीत, साधारण 2000 ते 8000 हर्ट्झच्या दरम्यान असतो. आवाजाचा भरदारपणा मात्र खालच्या पट्टीत, स्वरांत असतो. पुरुषाच्या आवाजाची मूळ वारंवारता सुमारे 100 ते 150 हर्ट्झ आणि स्त्रीची 200 च्या आसपास. थोडक्यात, आवाजाची ताकद खालच्या पट्टीत असते आणि शब्दांचा अर्थ बराचसा वरच्या पट्टीत. जुन्या टेलिफोनवर 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा जात असे. म्हणून आपण नाव सांगताना 'सशातला स' असे म्हणत आलो. दुकानात ज्या 'बास'वर ग्राहक खूश होतो, तो वर्गातल्या शिकवण्याच्या जवळजवळ काहीच उपयोगाचा नाही. मध्यम आणि वरची पट्टी स्वच्छ देणारा स्पीकर हवा.

आता वॅटकडे वळू. खोक्यावर '1000 वॅट पीएमपीओ' असे छापलेले स्पीकर आपण सर्वांनी पाहिले आहेत. पीएमपीओ म्हणजे एखाद्या क्षणार्धापुरती मिळू शकेल अशी कल्पिलेली कमाल शक्ती. ती मोजण्याची सर्वमान्य पद्धत नाही, त्यामुळे छापणारा मनाला येईल तो आकडा छापू शकतो. खरा आकडा 'आरएमएस' वॅटचा. पण तोही डोळे मिटून मानू नये. त्याची शहानिशा नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला करता येते. स्पीकरच्या ॲडॉप्टरवरची बारीक अक्षरे वाचायची. तिथे 'आउटपुट 9 व्होल्ट, 1 अँपिअर' असे असेल, तर आत जाणारी शक्ती 9 गुणिले 1, म्हणजे 9 वॅट. त्यातली काही उष्णतेत जाणार. असा स्पीकर सतत 40 वॅट देतो असे खोक्यावर छापले असेल, तर एकतर ऊर्जा अक्षय्यतेचा नियम चुकीचा आहे किंवा खोका. संगणकाच्या यूएसबी खाचेवर चालणाऱ्या स्पीकरचेही तसेच. यूएसबी 2.0 ची खाच 5 व्होल्टला अर्धा अँपिअर देते, म्हणजे अडीच वॅट, मग खोक्यावर काहीही लिहिलेले असो.

अडीच वॅट ऐकून शिक्षक निराश होतात. होऊ नये. कानाचे गणित घातांकी आहे. शक्ती दुप्पट केली तर पातळी फक्त 3 डेसिबलने वाढते, आणि तेवढी वाढ कानाला जेमतेम कळते. आवाज 'दुप्पट मोठा' वाटायला शक्ती सुमारे दहापट करावी लागते. उलट, एकाच वॅटमध्ये किती आवाज निघतो हे स्पीकरगणिक बरेच बदलते. 1 वॅट दिल्यावर 1 मीटर अंतरावर मिळणाऱ्या पातळीला स्पीकरची संवेदनशीलता म्हणतात. लहान स्पीकरांत ती साधारण 80 ते 85 डेसिबल असते. हा आकडा खोक्यावर क्वचितच मिळतो, पण दिला असेल तर वॅटच्या आधी तो पाहावा: 3 डेसिबलने अधिक संवेदनशील स्पीकर म्हणजे फुकट मिळालेली दुप्पट शक्ती.

एक हिशेब करून पाहू. 8 मीटर लांब, 6 मीटर रुंद वर्ग. स्पीकर फळ्याजवळ, शेवटचा बाक 7 मीटरवर. स्पीकरची संवेदनशीलता 80 डेसिबल, शक्ती 2 वॅट. एक मीटरवर पातळी 83 डेसिबल. अंतर दुप्पट झाले की थेट येणारा आवाज 6 डेसिबलने घटतो. त्या नियमाने 7 मीटरवर घट सुमारे 17, म्हणजे उरले 66. पंखे चालू असलेल्या, मुलांच्या चुळबुळीच्या वर्गात 50 ते 55 डेसिबल गोंगाट सहज असतो. बोलणे नीट कळायला ते गोंगाटाच्या वर सुमारे 15 डेसिबल असावे, असे ध्वनिशास्त्रातले सर्वसाधारण प्रमाण आहे. म्हणजे वर्ग शांत असेल तर 2 खऱ्या वॅटमध्ये काम भागते. गोंगाट 55 वर गेला की थोडे कमी पडते. खरे 5 ते 10 वॅट एका वर्गाला पुरेसे आहेत. टिनाच्या छपरावर जोराचा पाऊस कोसळू लागला, की मात्र कितीही वॅटचा स्पीकर हरतो. तेव्हा संगणक बंद करून मुलांना लेखी काम द्यावे हे बरे.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. जोडीतला एक स्पीकर फळ्याजवळून काढून बाजूच्या भिंतीवर वर्गाच्या मध्यावर टांगला, तर शेवटच्या बाकाचे त्याच्यापासूनचे अंतर जवळपास निम्मे होते. 6 डेसिबल मिळाले, म्हणजे चौपट शक्ती मिळाली, आणि खर्च काय तर चार-पाच मीटर वायर. बहुतेक जोड्यांत ॲम्प्लिफायर एकाच खोक्यात असतो आणि दुसरा स्पीकर साध्या दोन तारांनी त्याला जोडलेला असतो. ती तार वाढवावी. संगणकापासून ॲम्प्लिफायरपर्यंतची बारीक पिनची तार वाढवू नये, कारण तिच्यातला संकेत दुबळा असतो आणि आसपासच्या वीजतारांची घरघर त्यात लगेच शिरते. म्हणून घेताना तार काढता येते का, ते पाहावे. स्पीकर बसलेल्या मुलांच्या डोक्यांपेक्षा उंच असावा. वरच्या पट्टीचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो आणि पहिल्या बाकावरच्या डोक्यांनी अडतो. संगणकाच्या सेटिंगमध्ये आवाज 'मोनो' करावा, नाहीतर डावीकडच्या मुलांना एकच वाहिनी ऐकू येते.

स्पीकर कितीही चांगला असला, तरी शेवटचा शब्द खोलीचा असतो. 1895 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग कला संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात बोललेले काही कळेना, म्हणून वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम सोपवले गेले. त्याच्याकडे होती ऑर्गनची एक नळी, एक वेळमापक आणि स्वतःचे कान. रात्री सगळे शांत झाल्यावर तो शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून सभागृहात मांडी आणि आवाज विरायला लागणारा वेळ मोजी. रिकाम्या सभागृहात तो सुमारे साडेपाच सेकंद होता! एक शब्द विरायच्या आत पुढचे दहा-बारा शब्द त्यावर येऊन पडत. गाद्या वाढवल्या तसा निनाद कमी होत गेला, आणि त्यातून सूत्र निघाले: निनादकाल = 0.16 × खोलीचे घनफळ ÷ एकूण शोषण. शोषणाचे एकक होते उघडी खिडकी, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही.

आपला वर्ग या सूत्रात घालू. उंची 3 मीटर धरली तर घनफळ 144 घनमीटर. भिंती, फरशी आणि स्लॅब मिळून क्षेत्रफळ 180 चौरस मीटर. गिलावा आणि फरशी आवाजाचा सुमारे 3 टक्केच भाग शोषतात, म्हणून शोषण 5.4. बंद, रिकाम्या वर्गाचा निनादकाल येतो 4 सेकंदांहून जास्त. आता 40 मुले बसवा. एका मुलामागे सुमारे 0.35 धरले तर 14 मिळाले. चार खिडक्या आणि दार उघडे म्हणजे आणखी 7. एकूण 26.4, आणि निनादकाल 0.87 सेकंद. वर्गासाठी तो 0.6 च्या आसपास असावा. उरलेले अंतर कशाने कापायचे? हा कापसाचा जिल्हा आहे. मागच्या भिंतीवर जुन्या गाद्या किंवा कापूस भरलेल्या जाड दुलया भिंतीपासून चार बोटे सोडून टांगल्या, तर 18 चौरस मीटर भिंतीतून निदान 9 एकके मिळावीत, निनादकाल 0.65 वर येतो. अधूनमधून त्या उन्हात झटकाव्या लागतील, उंदरांकडे लक्ष ठेवावे लागेल. पण महागड्या स्पीकरपेक्षा हा उपाय अधिक काम करतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. स्पीकरची परीक्षा रिकाम्या वर्गात घेऊ नये, हेही या आकड्यांवरून ध्यानात यावे.

खुद्द स्पीकरच्या आत काय असते? चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी 1925 मध्ये अमेरिकेत जी रचना मांडली, तीच आजही जवळपास जशीच्या तशी वापरात आहे. गोल चुंबकाच्या अरुंद फटीत तारेचे हलके कुंतल, त्याला चिकटवलेला शंकूसारखा पडदा. कुंतलातून बदलती विद्युतधारा गेली की ते पुढेमागे हलते आणि पडदा हवेला ढकलतो. पडदा पुढे येतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. हे दोन आवाज एकत्र आले तर एकमेकांना मारतात, म्हणून खोका लागतो. जुन्या रेडिओतला उघडा स्पीकर मोबाइलला छोट्या ॲम्प्लिफायरमार्फत जोडून वाजवा. आवाज किरटा येईल. मग मोठ्या पुठ्ठ्याला त्याच मापाचे भोक पाडून त्यावर तो घट्ट धरा. एकदम भरदार आवाज ऐकून मुले चकित होतात. पुठ्ठा मागचा आवाज पुढे येऊ देत नाही, एवढेच.

म्हणून खोका घट्ट आणि जड असावा. बोटाने टकटक केल्यावर 'टक' असा कोरडा आवाज यावा. पत्र्याच्या डब्यासारखा आवाज आला, तर वाजतानाही तो खोका स्वतःचे सूर मिसळणार. लाकडी भुश्शाच्या दाबीव फळीचा खोका ध्वनीसाठी प्लास्टिकपेक्षा चांगला, मात्र त्याच्या उघड्या कडांना पावसाळी ओल लागली की त्या फुगतात आणि वाळवीलाही तो आवडतो. मागे हवेसाठी भोक असेल तर त्याला मच्छरदाणीची जाळी आतून चिकटवावी. नाहीतर झुरळे आणि पाली तिथे घर करतात. वेगळा 'सबवूफर' असलेला तीन खोक्यांचा संच वर्गासाठी घेऊ नये असे माझे मत आहे. त्याच किमतीत दोन खोक्यांचा संच घेतला, तर पैसे उपयोगाच्या पट्टीवर खर्च होतात. एकट्याने टेबलाशी बसून गाणे ऐकायचे असेल तर गोष्ट वेगळी. तिथे अंतर एक मीटरच असते आणि डग्ग्याची घुमारही हवी असते. परिपाठासाठी मैदानावर मात्र टेबलावरचे स्पीकर नेऊच नयेत. तिथे भोंगाच हवा.

दुकानात दोन जोड्यांची तुलना करताना कान एका सवयीने फसतो. 1933 मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिले, की आवाज लहान असताना खालच्या पट्टीला कान फारच मंद असतो. आवाज वाढवला की तीच पट्टी भरून येते. त्यामुळे किंचित मोठ्याने वाजणारी जोडी नेहमी 'चांगली' वाटते, आणि हे विक्रेत्याला ठाऊक असते. मोबाइलमध्ये आवाज मोजणारे फुकट ॲप मिळते. त्याचा आकडा अचूक नसला तरी तुलनेला चालतो. दोन्ही जोड्या त्यावर समान पातळीला आणून मगच ऐकाव्यात, आणि गाण्याऐवजी बोलणे ऐकावे. एका बाईंनी आणि एका सरांनी वाचलेले 'ताट-थाट', 'कार-खार', 'पार-फार', 'दार-धार', 'साल-शाल' असे पन्नास शब्द उलटसुलट क्रमाने मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून न्यावेत. दुकानदार परत घेण्याच्या बोलीवर देत असेल, तर तेच ध्वनिमुद्रण भरलेल्या वर्गात वाजवून मुलांना शब्द लिहायला सांगावेत आणि बाकांच्या ओळीनुसार चुका मोजाव्यात. पहिल्या आणि शेवटच्या ओळीतला फरक हा त्या स्पीकरचा आणि त्या खोलीचा खरा गुण आहे. अकरावीच्या विद्यार्थ्यांसाठी हा उत्तम प्रकल्प होईल.

टिकाऊपणाचा विचार आपल्याकडे उन्हापासून सुरू करावा लागतो. ॲम्प्लिफायरमध्ये विजेची धारा सपाट करणारे कपॅसिटर असतात आणि त्यांच्या आत द्रव असतो. उष्णतेने तो हळूहळू उडून जातो. ढोबळ नियम असा, की तापमान 10 अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होते. स्वस्त कपॅसिटरवर 85 अंशांना 2000 तास असे आयुष्य दिलेले असते. उन्हाळ्यात खोक्याच्या आत 55 अंश धरले, तर 30 अंशांच्या फरकाने आयुष्य आठपट, म्हणजे 16,000 तास. दिवसाला 2 तास आणि वर्षाला 220 दिवस वापर असेल तर वर्षाचे 440 तास होतात. कपॅसिटर छत्तीस वर्षे पुरेल! पण बटण भिंतीवर बंद न करता स्पीकरचा निळा दिवा रात्रंदिवस जळत ठेवला, तर वर्षाला 8760 तास होतात आणि तोच कपॅसिटर दोन वर्षांत संपतो. मग आवाजात घरघर सुरू होते आणि आपण म्हणतो, 'माल हलका होता.'

दुसरा शत्रू वीज. खेड्यात दाब कधी 180 व्होल्टला उतरतो, कधी 260 ला चढतो. आत जड रोहित्र असलेला संच वाढीव दाबाने तापतो. '100-240 व्होल्ट' असे लिहिलेला हलका ॲडॉप्टर चढउतार बराच सोसतो, आणि बिघडला तर तेवढाच बदलता येतो. ॲडॉप्टरवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहावे. न्यूट्रल तार तुटली की सॉकेटवर 400 व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. तिथे 'स्पाइक गार्ड' लिहिलेली पट्टी फार वेळ तग धरत नाही. शाळा सुटताना आणि ढग गडगडू लागताच पिन काढून ठेवणे हाच उपाय. लॅपटॉपवर वाजवताना घरघर येत असेल, तर लॅपटॉपचा चार्जर क्षणभर काढून पाहावा. घरघर थांबली तर दोष स्पीकरचा नाही, बहुधा शाळेच्या अर्थिंगचा आहे. वायरमनला बोलावावे, कारण त्यात मुलांच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. यूएसबीवर चालणारी जोडी या सगळ्यापासून बरीच दूर राहते आणि वीज गेल्यावर लॅपटॉपच्या बॅटरीवरही वाजते. लहान वर्गाला ती वाईट नाही. ब्लूटूथचे स्पीकर सुटसुटीत खरे, पण आतली बॅटरी काही वर्षांत थकते आणि ती बदलणे अवघड असते.

मग धूळ. जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे आणि त्यात मॅग्नेटाइट हे लोहयुक्त खनिज असते. नाल्याच्या वाळूत चुंबक फिरवला तर त्याला चिकटणारे काळे कण तेच. स्पीकरमध्ये कुंतलाची फट मिलिमीटरच्या काही भागाएवढी असते आणि तिच्याभोवती चुंबक असतो. असा कण आत ओढला गेला की बाहेर पडत नाही आणि कुंतल घासू लागते. समोर कापडाची जाळी असलेला स्पीकर म्हणूनच उघड्या पडद्याच्या दिखाऊ स्पीकरपेक्षा बरा. पडद्याची कड रबराची आहे का, तेही बोटाने हळूच पाहावे. फेसाळ स्पंजाची कड उष्णता आणि दमटपणा यांनी काही वर्षांत भुसभुशीत होऊन गळते.

प्रत्यक्षात स्पीकर बंद पडतात ते बहुतेकदा याहून साध्या कारणांनी: पिनपाशी तार तुटते किंवा आवाजाच्या बटणात धूळ जाऊन खरखर येते. पहिले काम डाखणकाम येणारा कोणीही मुलगा दहा मिनिटांत करतो. दुसऱ्याला बटण वीस-पंचवीस वेळा पूर्ण फिरवणे बऱ्याचदा पुरते. विकत घेताना खोक्याच्या मागे स्क्रू आहेत की तो चिकटवून बंद केला आहे, हे यासाठी पाहायचे. उन्हाळी सुट्टीत स्पीकर टिनाच्या छपराखाली, कपाटाच्या माथ्यावर ठेवू नयेत. सुती पिशवीत घालून, तारा सैल गुंडाळून, ते कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावेत, आणि जूनअखेर शाळा उघडल्यावर पहिल्याच दिवशी एकदा वाजवून पाहावेत.